जकार्ताचे अकरा

समजा, तुम्ही एका फुटबॉल संघाचे कोच आहात. सेमीफायनल तोंडावर आली आहे. तुमचा सगळ्यात भरवशाचा बचावपटू आधीच्या एका सामन्यात डोकं फोडून घेऊन आला आहे. टाके पडलेत, पट्टी बांधली आहे. गडी खेळायला तयार आहे. पण त्याची जागा बचावाच्या मधोमध, म्हणजे हवेतून येणारा जवळजवळ प्रत्येक चेंडू डोक्यानं परतवणं हेच त्याचं काम. आता काय कराल?

बहुतेक जण दोनच उत्तरं देतील. एक, त्याला बसवा आणि राखीव खेळाडू उतरवा. दोन, पट्टी घट्ट करा आणि त्याच जागी खेळवा, देशासाठी एवढं चालतं.

१९६२च्या जकार्ता एशियाडमध्ये हा प्रश्न खराखुरा पडला होता. खेळाडू होता जर्नेल सिंग आणि कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. रहीम यांनी दोन्ही पर्याय बाजूला ठेवले आणि आपल्या स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावपटूला, उचलून थेट सेंटर फॉरवर्डच्या जागी खेळवलं. त्यानं सेमीफायनलमध्ये गोल केला, फायनलमध्येही केला. भारताला सुवर्णपदक मिळालं. फुटबॉलमधलं आपलं ते शेवटचं एशियाड सुवर्ण.

'मैदान' सिनेमा पाहिलेल्यांना ही गोष्ट ठाऊक असेल. मीही आधी सिनेमा पाहिला आणि मग मिळेल ते वाचत सुटलो. सिनेमा संपल्यावर डोळे पुसून झाले, तरी एक गोष्ट डोक्यातून जाईना. पेशानं मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. हाताशी असलेली माणसं, मोडलेल्या वस्तू आणि न हलणारी डेडलाईन यांची सांगड घालणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे मला रहीम यांच्या धाडसापेक्षा त्यांच्या डोक्यातला हिशोब जास्त खुणावत होता. स्टॉपरला पुढे खेळवायचं हे एका रात्रीत सुचलेलं नसणार. त्यामागे किमान दहा वर्षांचा विचार असणार. तो विचार कुठून आला आणि नंतर कुठे गेला, त्याची ही गोष्ट.

अनवाणी पाय आणि दहा गोल

स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला तो १९४८ साली, लंडनला. समोर फ्रान्स होता. आपले बरेच खेळाडू अनवाणी, काहींच्या पायाला नुसत्या पट्ट्या. आपण १-२ने हरलो, पण दोन पेनल्टी वाया घालवून. अनवाणी मुलांनी फ्रान्सला घाम फोडला याचं लंडनमध्ये कौतुक झालं आणि आपल्याकडेही झालं. असं कौतुक फार गोड असतं. आपण नक्की का हरलो, हा प्रश्न त्यात विरघळून जातो.

१९५१मध्ये दिल्लीत पहिलं एशियाड भरलं. सैलेन मन्ना कप्तान, रहीम कोच. फायनलमध्ये साहू मेवालालच्या एकमेव गोलवर आपण इराणला हरवलं आणि सुवर्णपदक जिंकलं. म्हणजे सगळं छान चाललं होतं.

पुढच्याच वर्षी, १९५२मध्ये, हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाशी गाठ पडली. निकाल १-१०. थंडी होती, बरेच खेळाडू तिथंही अनवाणी होते, समोरचा संघ पुढे जाऊन रौप्यपदक जिंकणार होता. ही सगळी कारणं खरी आहेत. त्या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघानं बूट सक्तीचे केले. दहा गोलांचा धडा बुटांपाशी येऊन थांबला, निदान कागदावर तरी.

रहीम यांच्यासाठी तो तिथं थांबला नाही.

मास्तरांचा फुटबॉल

रहीम मूळचे शाळामास्तर. फुटबॉलच्या जगात त्यांचं नाव झालं ते हैदराबाद सिटी पोलीसच्या संघामुळे. या संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला. रोव्हर्स कप म्हणजे मुंबईच्या कूपरेजवर त्या काळी होणारी, देशातल्या सगळ्यात जुन्या स्पर्धांपैकी एक. आज आपण मुंबईचं मैदान म्हटलं की वानखेडेच आठवतो, पण त्या काळात कूपरेजवरची गर्दी देशभरातल्या फुटबॉल संघांना माहीत होती. त्या गर्दीनं पाच वर्षं लागोपाठ हैदराबादच्या पोलिसांना कप उचलताना पाहिलं.

रहीम यांच्या शिकवण्याबद्दल वाचताना मला सगळ्यात मजेशीर वाटली ती त्यांनी भरवलेल्या छोट्या स्पर्धांची गोष्ट. एका स्पर्धेत ड्रिब्लिंगला बंदी: चेंडू आला की पास द्यायचा, घेऊन पळायचं नाही. दुसऱ्या स्पर्धेत फक्त कच्च्या पायानं खेळायचं, म्हणजे उजव्या पायानं खेळणाऱ्यानं डाव्यानं. वरवर पाहता हे खेळ वाटतात. पण त्या काळच्या भारतीय फुटबॉलचा जीव ड्रिब्लिंगमध्ये होता. प्रेक्षक त्यासाठीच यायचे. एकटा गडी तिघांना चकवून गेला की मैदान डोक्यावर घ्यायचे. रहीम यांनी नेमकी तीच गोष्ट काढून घेतली आणि खेळाडूंना विचारायला लावलं: आता उरलं काय? उरतो पास. चेंडू नसताना कुठे पळायचं याचा विचार उरतो, आणि दोन्ही पायांवर सारखा विश्वास.

प्रोग्रामिंग शिकवणारे चांगले शिक्षक असंच करतात. तुम्हाला सवयीची असलेली एक सोय बंद करतात आणि म्हणतात, आता सोडवून दाखव.

आणखी एक गोष्ट सांगितली जाते ती तुलसीदास बलरामची. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा गरीब घरातला पोरगा. रहीम यांनी त्याला हैदराबादच्या सरावासाठी बोलावलं, तर सायकल भाड्यानं घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. सायकलच्या भाड्याचे पैसे रहीम यांनी दिले. खेळाडूची निवड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंद खोलीतली समिती आणि टाइप केलेली यादी येते. प्रत्यक्षात निवड त्याच्या कितीतरी आधी सुरू होते, मैदानापर्यंत कोण पोचू शकतो तिथपासून. बलराम पोचला आणि पुढे दोन ऑलिंपिक खेळला.

जागा म्हणजे काय?

इथे थोडं डावपेचांबद्दल बोलायला हवं, नाहीतर जर्नेल सिंगची गोष्ट नुसती शौर्यकथा होऊन बसेल.

फुटबॉलमध्ये फार काळ जागा म्हणजे नशिबानं मिळालेली जहागीर असायची. तू राइट बॅक, तू सेंटर हाफ, तू लेफ्ट विंगर. पाठीवरचा आकडा तीच जागा सांगायचा. समोरच्याचा सेंटर फॉरवर्ड आला की आपल्या स्टॉपरनं त्याला धरायचं, अशा जोड्या ठरलेल्या असायच्या. इंग्लंडात डब्ल्यू-एम नावाची रचना पक्की बसली होती. तीन बचावाला, मध्ये चौघांचा चौकोन आणि पुढे तिघे. वरून पाहिलं तर ही दोन इंग्रजी अक्षरं दिसतात.

नोव्हेंबर १९५३मध्ये हंगेरीनं वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं हरवलं, ते ही जोड्यांची व्यवस्था विस्कटून. त्यांचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी पुढे उभाच राहायचा नाही. तो मागे मध्यात यायचा. इंग्लंडच्या स्टॉपरपुढे पेच पडला. त्याच्या मागे जावं तर बचावात भगदाड पडतं. जागेवर थांबावं तर हिदेगकुटी मोकळा सुटतो. तो मोकळा सुटला आणि त्यानं तीन गोल केले.

यातला धडा साधा आहे. जागा आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'सेंटर फॉरवर्ड' हे पाटीवरचं नाव झालं. त्याचं काम काय, ते कोचनं ठरवायचं.

मागे ओढलेल्या सेंटर फॉरवर्डची ही कल्पना रहीम यांनी १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतीय संघात वापरली. हंगेरीनं माघार घेतल्यामुळे पहिल्या फेरीत आपल्याला पुढे चाल मिळाली. मग यजमान ऑस्ट्रेलिया समोर आला. आपण ४-२ने जिंकलो. त्यातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. सेमीफायनलला पुन्हा युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल मारले, त्यांच्याविरुद्ध पहिला गोल आपण केला, तोही नेव्हिलनंच. शेवटी आपण १-४ने हरलो. ब्राँझपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ०-३. भारत चौथा. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांमध्ये चार गोलांसह नेव्हिलचं नाव होतं.

चौथ्या क्रमांकाला पदक नसतं, म्हणून तो आपल्या आठवणीत राहत नाही. पण १-१० आणि १-४ हे दोन आकडे शेजारी ठेवा. चार वर्षं, समोर पुन्हा युगोस्लाव्हियाच. बुटांनी एवढा फरक पडत नाही.

१९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये गट अवघड मिळाला: हंगेरी, फ्रान्स आणि पेरू. हंगेरीकडून १-२ असे हरलो. फ्रान्सशी १-१ बरोबरी, आपला गोल कप्तान पी. के. बॅनर्जींचा, आणि फ्रान्सनं बरोबरी साधली ती सामना संपायला आलेला असताना. पेरूकडून १-३. एकही विजय नाही. तरी हे सामने पाहणाऱ्या कुणालाही १९५२चा संघ आठवला नसता.

ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारत खेळल्याची ही शेवटची वेळ. त्यानंतर आपण एकदाही पात्र ठरलेलो नाही.

जकार्ता

आता पुन्हा जकार्ताला येऊ. फुटबॉलला आठ संघ, चार-चारचे दोन गट. आपल्या गटात दक्षिण कोरिया, जपान आणि थायलंड. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियानं आपल्याला ०-२ असं हरवलं. तोपर्यंत झालेले आशिया कप दोन, आणि दोन्ही कोरियानं जिंकलेले. मग आपण थायलंडला ४-१ आणि जपानला २-०ने हरवून सेमीफायनल गाठली. थायलंडविरुद्ध जर्नेल सिंग जखमी झाला. जपानविरुद्ध तो खेळला नाही.

या संघाची मांडणी पाहण्यासारखी आहे. पुढच्या फळीतली तीन मोठी नावं म्हणजे पी. के. बॅनर्जी, कप्तान चुनी गोस्वामी आणि बलराम. तिघंही कोलकात्यात खेळणारे, पण तीन वेगळ्या संघांतून: चुनी मोहन बागानचा, बलराम ईस्ट बंगालचा आणि पी. के. ईस्टर्न रेल्वेचे. बागान आणि ईस्ट बंगालच्या पाठीराख्यांमध्ये विस्तव जात नाही, त्यांना एका संघात बसवणं हेच एक काम. हाफच्या फळीत फॉर्च्युनाटो फ्रँको, मूळचा बार्देशमधल्या कोलवाळचा, मुंबईत वाढलेला, टाटा स्पोर्ट्सकडून खेळणारा. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते. गोलमध्ये थंगराज आणि बर्मन असे दोन पर्याय होते.

सेमीफायनलला समोर दक्षिण व्हिएतनाम. इथं रहीम यांनी जर्नेलला पुढे पाठवलं आणि मधल्या बचावाची जबाबदारी अरुण घोषवर टाकली.

का? जर्नेल कॉलेजात असताना फॉरवर्डला खेळायचा आणि हे रहीम यांना ठाऊक होतं, असं सांगितलं जातं. म्हणजे त्यांनी अंधारात बाण मारला नव्हता. पण माझ्या मते यात आणखी एक साधा हिशोब आहे. स्टॉपरला चेंडू सोडता येत नाही. त्यानं एक हेडर टाळला की समोरचा गोल करतो. किती वेळा डोकं घालायचं हे त्याच्या हातात नसतं, ते प्रतिस्पर्धी ठरवतो. फॉरवर्डचं तसं नसतं. दहा चेंडूंमधले आठ त्यानं सोडले आणि दोनदा बरोबर ठिकाणी पोचला तरी भागतं. जखमी माणसाला अशी जागा द्या, जिथं कधी झेपावायचं हे तो स्वतः ठरवू शकेल. शिवाय जर्नेलचा धिप्पाड देह पाहून समोरचे दोन बचावपटू त्याच्याभोवती अडकले, तर चुनी आणि पी. के. मोकळे होणार. म्हणजे त्यानं चेंडूला स्पर्श केला नाही तरी त्याचं काम चालू.

अर्थात, डोक्याला टाके असलेल्या खेळाडूला आज डॉक्टर सहजासहजी मैदानात उतरू देणार नाहीत, आणि तेच योग्य आहे. ही गोष्ट सांगताना आपण पट्टीचं फार कौतुक करतो. जर्नेलच्या हिमतीबद्दल शंका नाही, पण हिंमत करणारे खेळाडू आपल्याकडे १९४८ आणि १९५२लाही होते. हिंमत कुठं वापरायची हे ठरवणारं कुणीतरी जकार्तात होतं.

आपण व्हिएतनामविरुद्ध ३-२ने जिंकलो. दोन गोल चुनीचे, एक जर्नेलचा.

फायनल ४ सप्टेंबरला, पुन्हा दक्षिण कोरियाशी. मैदानाबाहेरचं वातावरण भयंकर होतं. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतीय सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला, आणि जकार्तातला राग सगळ्या भारतीयांवर निघाला. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. सुमारे लाखभर प्रेक्षकांचं स्टेडियम आपल्या विरोधात ओरडत होतं. त्या गर्दीत आपल्यासाठी आवाज देणारे थोडे लोक होते आणि त्यात पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू होते, ही आठवण आपल्या खेळाडूंनी नंतर अनेकदा सांगितली.

रहीम यांच्यासमोर पुन्हा यादी करण्याचा प्रश्न होता. थंगराज आजारातून उठत होता, तर आधीचे सामने निभावून नेलेला बर्मन तंदुरुस्त होता. चालू फॉर्म पाहिला तर बर्मनच. पण कोरियाचे उंच चेंडू अडवायला थंगराजची उंची हवी होती. रहीम सिनियर खेळाडूंशी बोलले आणि थंगराजला उतरवलं. त्रिलोक सिंगच्या पायाच्या बोटाला दुखापत होती, तोही खेळला. जर्नेल पुन्हा पुढे. आजच्यासारखे पाच-पाच बदली खेळाडू तेव्हा नव्हते. सकाळी काढलेल्या यादीतली चूक दुपारी दुरुस्त करता येत नव्हती.

सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींचा गोल. तीनच मिनिटांनी जर्नेलचा. कोरियानं परतफेड केली ती पंच्याऐंशीव्या मिनिटाला. २-१. नऊ-दहा दिवसांपूर्वी ज्या संघानं आपल्याला दोन गोलांनी हरवलं होतं, त्याच संघाला हरवून सुवर्ण.

त्या वेळी रहीम कर्करोगानं आजारी होते. ११ जून १९६३ला ते गेले. जकार्ताला वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

केटी

आयटीत काम करणाऱ्यांना 'केटी' हा शब्द वेगळा सांगायला नको. नॉलेज ट्रान्स्फर. प्रोजेक्ट सोडून जाणारा माणूस जायच्या आधी आपल्या डोक्यात असलेलं सगळं मागे राहणाऱ्यांना सांगतो, ती प्रक्रिया. प्रत्येक टीममध्ये एक असा सिनियर असतो, की सिस्टीम पडली की सगळे त्याच्याकडे धावतात. तो पाच मिनिटांत ती उभी करतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. अशा माणसाच्या असण्यानं टीमला एक वाईट सवय लागते. तो आहे ना, मग लिहून कशाला ठेवायचं?

रहीम यांचं ज्ञान अगदीच वाया गेलं असं मी म्हणणार नाही. ते त्यांच्या खेळाडूंमधून पुढे गेलं. १९६४च्या आशिया कपमध्ये भारत उपविजेता होता. १९७०च्या बँकॉक एशियाडला आपण ब्राँझ जिंकलं, तेव्हा कोच म्हणून पी. के. बॅनर्जी होते आणि कप्तान होता हैदराबादचा सय्यद नईमुद्दीन. रहीम यांच्या हाताखाली तयार झालेला अल्बर्टो फर्नांडो १९६४मध्ये प्रशिक्षणासाठी ब्राझीलला गेला. तिथं जे शिकवत होते ते मास्तरांनी आम्हाला १९५६मध्येच शिकवलं होतं, असं तो परत येऊन सांगायचा. हे ऐकायला अभिमानाचं वाटतं. पण जरा थांबून विचार केला तर त्यात दुःखच जास्त आहे. १९५६मध्ये आपल्याकडे जे होतं, ते शिकायला १९६४मध्ये ब्राझीलला जावं लागलं.

ज्या जपानला आपण जकार्तात २-० असं हरवलं, त्याचं याच काळात काय चाललं होतं पाहा. टोकियो ऑलिंपिक जवळ आलं म्हणून जपाननं १९६०मध्ये डेटमार क्रामर नावाचा जर्मन कोच बोलावला. टोकियोत १९६४मध्ये त्यांनी अर्जेंटिनाला ३-२ने हरवलं. देशभर जल्लोष झाला. क्रामर परत निघाला, पण जाताना त्यानं जपानच्या महासंघाकडे शिफारशी सोडल्या: राष्ट्रीय लीग सुरू करा, प्रशिक्षकांना शिकवायची व्यवस्था करा, हिरवळीची मैदानं वाढवा, राष्ट्रीय संघाला नियमित परदेशी संघांशी खेळवा. ही त्याची केटी होती. आणि जपाननं ती ऐकून घेतली. १९६५मध्ये त्यांची लीग सुरू झाली, आठ संघांची, बहुतेक कंपन्यांचे संघ: हिताची, मित्सुबिशी, फुरुकावा वगैरे. १९६६च्या एशियाडमध्ये जपानला ब्राँझ मिळालं, आपण पहिल्याच फेरीत बाहेर. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपाननं यजमानांना हरवून ब्राँझपदक घेतलं.

कंपन्यांचे संघ म्हटल्यावर मला मुंबई आठवली. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल. फ्रँकोसारख्या खेळाडूंना नोकरी देऊन सांभाळणारे असे संघ आपल्याकडे होते. कोलकात्यात वेडे प्रेक्षक होते. हैदराबादला शिकवण्याची पद्धत होती. जपानकडे त्या वेळी होतं त्यापेक्षा काही कमी आपल्याकडे होतं, असं मला वाटत नाही. पण हे सुटे भाग जोडणारी राष्ट्रीय लीग आपल्याकडे यायला १९९६ साल उजाडलं. जपानच्या पहिल्या लीगनंतर ३१ वर्षांनी.

जपानचाही रस्ता सरळ नव्हता. १९६८नंतर त्यांचा संघ बरीच वर्षं मागे पडला, पुढच्या ऑलिंपिकसाठी पात्र व्हायला त्यांना १९९६पर्यंत वाट पाहावी लागली. पण लीग चालू राहिली, प्रशिक्षक घडत राहिले आणि त्याच पायावर १९९३मध्ये त्यांनी व्यावसायिक लीग उभी केली. १९९८पासून एकही विश्वचषक त्यांच्याशिवाय झालेला नाही.

भारतीय संघ जाहीर झाला की आजही आपण मोबाईलवर तावातावानं भांडतो. याला का घेतला, त्याला का वगळला, गोव्याचे किती, मणिपूरचे किती, बंगालवर अन्याय झाला का. भांडायलाच हवं. पण रहीम यांच्याबद्दल वाचल्यापासून मी ती यादी वेगळ्या तऱ्हेनं वाचतो. आधी बघतो की कोणाला कुठलं काम दिलंय, आणि मग बघतो की तो खेळाडू त्या यादीपर्यंत कुठल्या वाटेनं आला. कुठल्या अकादमीतून, कुठल्या लीगमधून, आणि त्याच्या सायकलचं भाडं कुणी दिलं.

जकार्ताच्या त्या संघातले पी. के. आणि चुनी २०२०मध्ये गेले, फ्रँको २०२१मध्ये आणि बलराम २०२३मध्ये. मास्तरांकडून थेट शिकलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. केटी घ्यायची होती ती त्यांच्याकडून, आणि त्याला साठ वर्षं मिळाली होती.